विंग कमांडर सप्रे यांना भारद्वाज दिसत नाही

भारद्वाज हा काही दुर्मिळ पक्षी नव्हे. कावळ्यापेक्षा थोराड, अंगानं काळाभोर, पंख चिंचेनं घासलेल्या तांब्याच्या रंगाचे, डोळे लालभडक. उडायचा त्याला मनापासून कंटाळा. झुडपांच्या कडेकडेनं, पालापाचोळा उलथत, गोगलगाय, सरडा, बेडूक, मिळेल ते पोटात ढकलत तो सगळा दिवस पायी काढतो, आणि चालतो असा की तहसीलदारसाहेब पाहणीला निघालेत. ज्याला डोळे आहेत आणि ज्याच्या घराजवळ चार झुडपं आहेत त्याला तो दिसतोच, आणि चंदीगडात झुडपांना तोटा नाही. तरीही विंग कमांडर अच्युत सप्रे यांना तो ओळीनं सोळा दिवस दिसला नाही, आणि त्यापायी अंबरीश ढोके याचं लग्न अडून बसलं.

पक्षी न दिसल्यानं लग्न कसं अडतं, हे कळायला सप्र्यांचं घर समजून घ्यायला हवं. सकाळी भारद्वाज दिसला की काम फत्ते, असं आपल्याकडे पुष्कळ घरांत म्हणतात. म्हणतात आणि विसरून जातात. सप्रे विसरत नसत. तसा माणूस विज्ञानाचा. मालवाहू विमानं उडवण्यात हयात गेली, आणि यादीतली एकूण एक कळ तपासल्याशिवाय त्यांनी कधी चाक हलू दिलं नाही. पण त्या यादीच्याही वर, कुठेच न लिहिलेलं, आणखी एक कलम होतं. हवाई दलाच्या मुलाखतीला निघाले त्या सकाळी रत्नागिरीच्या घराच्या दगडी गडग्यावर भारद्वाज होता. पहिल्यांदा एकट्यानं विमान उडवलं त्या सकाळी धावपट्टीकडेच्या गवतात होता. उल्काताईंना बघायला गेले तेव्हा फाटकाशीच होता, म्हणून सप्र्यांनी पोहे यायच्या आधीच होकार देऊन टाकला. पोह्यांत मीठ नाही हे कळलं तेव्हा बोलायची सोय उरली नव्हती. पुढे चंदीगडलगत झिरकपूरला फ्लॅट घ्यायचं चाललं होतं तेव्हा महिनाभर दिसला नाही, म्हणून फ्लॅट राहिला. त्या इमारतीत चौथ्या मजल्यावर पाणी चढत नाही असं वर्षभरानं कानावर आलं, तेव्हा ते घरात कुणाला काही बोलले नाहीत. नुसते दोन दिवस शीळ घालत हिंडले.

नियमही पक्के होते. पक्षी सकाळी दिसला पाहिजे, आणि आपणहून दिसला पाहिजे. शोधून पाहिलेला धरायचा नाही. कुणी बोट करून दाखवला तर तो मुळीच धरायचा नाही. नुसता आवाज आला तर तो आवाजच. पण एकदा का नजरेला पडला, की त्या घडीला जे काम मनात अडलेलं असेल त्याला 'हो' म्हणायचं आणि मागे वळून बघायचं नाही. हे नियम कुणी केले असं विचारलं तर सप्रे म्हणत, आईनं. उल्काताई म्हणत, सासूबाईंना यातलं अर्धंसुद्धा ठाऊक नव्हतं.

आता दैवाचा खेळ बघा. या घरात ज्यानं जावई व्हायचं मनात आणलं, तो अंबरीश ढोके गेली तीन वर्षं विद्यापीठात भारद्वाजावरच प्रबंध लिहीत होता. आखीवरेखीव शहरातल्या बागांमध्ये हा जमिनीवरचा पक्षी राहतो कसा, खातो काय, घर कुठे करतो, असा विषय. मुलगा वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीचा, राहायला बावीस सेक्टरात बसस्टँडच्या मागे एका खोलीत, माधव नावाच्या नाशिककर मित्राबरोबर. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा हा माधव म्हणायचा, या शहरात भारद्वाज असं नुसतं म्हटलं तर लोक विचारतात, कुठल्या सेक्टरातले? अंबरीशकडे त्याचं उत्तर असायचं. लेझर व्हॅली नावाची जी लांबलचक बाग शहराच्या मधून नाल्याच्या कडेनं जाते, तिच्यात अकरा जोड्या होत्या आणि त्याच्या वहीत त्यांना अकरा नंबर होते. सात नंबरची जोडी दहा सेक्टरातली. कण्हेरीच्या कुंपणापासून बांबूच्या बेटापर्यंत तिची हद्द. पहाटे पाच पन्नासला नर घाणेरीच्या झुडपावर चढून पंख पसरून ऊन खात बसणार, सहाला खाली उतरणार, सहा पाचला पायवाट ओलांडणार. ट्रिब्यून चौकातला सिग्नल चुकेल, पण सात नंबर चुकायचा नाही.

जाईची आणि त्याची ओळखसुद्धा सात नंबरमुळेच झाली. जाई म्हणजे सप्र्यांची एकुलती एक मुलगी, आर्किटेक्चर कॉलेजात शेवटच्या वर्षाला. ती बागेतल्या बाकांची उंची मोजत होती आणि कुंपणाखालून तिला दोन पाय बाहेर आलेले दिसले. कुणीतरी बेशुद्ध पडलंय असं वाटून ती हिंदीतून हाका मारायला लागली. तेव्हा कुंपणाखालून अस्सल मराठीत उत्तर आलं, "हळू बोला न जरा, घरटं बांधून राह्यला तो." कानपूर, बडोदा, तेजपूर अशी छावण्यांमधून वाढलेली मुलगी, घराबाहेर मराठी ऐकायची तिला सवयच नव्हती. तीही शेजारी पोटावर आडवी झाली. बायको थोराड आणि घर बांधायचं काम बहुतेक नवऱ्याकडे, हे कळल्यावर तिला हा पक्षी फार आवडला, आणि दोन महिन्यांत पक्ष्याबरोबर अंबरीशही आवडायला लागला.

जाईनं घरी सांगितलं ते आठ जूनला. उल्काताईंनी अंबरीशला जेवायला बोलावलं, त्यानं चार वाट्या आमटी प्यायली, त्यांच्या बाजूनं निकाल लागला. सप्र्यांनी त्याला आर्वीच्या संत्र्यांबद्दल विचारलं, प्रबंधाबद्दल विचारलं, फाटकापर्यंत पोचवायला आले, आणि मूळ मुद्द्यावर एकच शब्द बोलले. बघू. जाईला त्या शब्दाचा अर्थ बरोबर कळला.

"बघू म्हणजे खरंच बघू," तिनं अंबरीशला सांगितलं. "एकदा दिसला की पक्का, यार. पण दिसला पाहिजे. बाबांचा हो आल्याशिवाय मी हार घालणार नाही, आधीच सांगून ठेवते."

एरवी घाई नव्हती. पण सप्र्यांची बदली जोरहाटला झाली होती आणि अठ्ठावीस जूनला सामानाचा ट्रक यायचा होता. घरात काळ्या पत्र्याच्या ट्रंका उघड्या पडल्या होत्या. गेले की तीन वर्षं तिकडे. तिथले वारे वेगळे, व्याप वेगळे, आणि सप्र्यांकडे जे काम एकदा राहिलं ते राहिलंच, हे झिरकपूरच्या फ्लॅटवरून दिसतच होतं. तेव्हा जे काय व्हायचं ते वीस दिवसांत व्हायला हवं होतं. अंबरीशला यात भिण्यासारखं काहीच वाटलं नाही. उलट तो हसत सुटला. सप्र्यांचं भाड्याचं घर दहा सेक्टरात. रोज पहाटे पावणेसहाला ते लेझर व्हॅलीत फिरायला जात. म्हणजे सात नंबरच्या ऐन अंगणातून. तो म्हणाला, चार दिवस लागतील, फार तर पाच. माधवला त्यानं त्याच रात्री कुल्चे-छोले खिलवले. साखरपुड्याची आगाऊ पार्टी म्हणून.

पहिल्या सकाळी तो कण्हेरीमागे वही घेऊन बसला. नियम मोडायचा नव्हता, दाखवायचं काहीच नव्हतं, नुसतं साक्षीला हजर राहायचं होतं. बहाव्याची पिवळी फुलं वाटेवर पडली होती, उकाडा सहालाच सुरू झाला होता, आणि सहा वाजून पाच मिनिटांनी सात नंबर झुडपातून निघून वाट ओलांडायला लागला. सप्रे बारा पावलांवर. पांढरे बूट, पांढरी टोपी, ताठ मान. अंबरीशनं श्वास रोखला. आणि सप्रे खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागले. त्यांनी ती अशी निगुतीनं बांधली की पक्षी पलीकडच्या गवतात जाऊन एक नाकतोडा संपवून मोकळा झाला.

असतो असा योग, म्हणून अंबरीशनं सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी सात नंबर बाकाच्या पाठीवर पंख पसरून बसला होता, ऊन पंखांवर झळकत होतं, आंधळ्यालाही दिसावा असा. सप्र्यांनी नेमका तेव्हाच चष्मा काढून पुसायला घेतला. तिसऱ्या दिवशी त्यांना फोन आला. चौथ्या दिवशी शिंक आली, ती एक नव्हे, पाच आल्या. पाचव्या दिवशी नर आणि मादी दोघंही हिरवळीवर हातभर अंतरावरून चालत होती, जणू सप्तपदीच, आणि सप्रे मान वर करून आकाशातलं एक विमान न्याहाळत होते. विमान म्हणजे मुळात घार होती, हे अंबरीशला कुंपणामागूनही कळलं. हा माणूस विमानं उडवतो तरी कसा, अशी शंका त्याला पहिल्यांदा तिथे आली. त्यानं जाईला भीत भीत विचारलं की बाबांची दृष्टी कशी आहे. जाई म्हणाली, दर वर्षी तपासतात, चष्मा नुसता वाचायचा आहे. मग ते चालताना काहून लावतात, असं त्यानं विचारलं. हे तिलाही सांगता आलं नाही.

आठवडा उलटला तेव्हा मदत घ्यायची वेळ आली. बागेतला माळी होता मेजर सिंग. त्याचं नावच मेजर. पंजाबात अशी नावं ठेवतात. सप्रे रोज त्याला 'गुड मॉर्निंग, मेजर' म्हणत आणि तो रोज पाण्याचा पाइप खांद्याला लावून सलाम ठोकत असे. भारद्वाजाला तो 'कमादी कुक्कड' म्हणायचा, म्हणजे उसातला कोंबडा. लग्नाचं काम म्हटल्यावर त्याला कुणी दोनदा सांगावं लागलं नाही. जूनच्या उन्हाळ्यात कोंबडा कशाला येईल, पाण्याला येईल, असं म्हणून त्यानं वाटेच्या वळणावर पाइप रात्रभर ठिबकत ठेवला. सकाळी तिथे छान डबकं झालं, डबक्याला बेडूक आले, बेडकांना सात नंबर आला. न्हाला, जेवला, पंख झाडले. सप्रे वळणाशी आले, डबकं बघितलं, आणि सरळ वाट सोडून हिरवळीवरून वळसा घालून निघून गेले. जाता जाता त्यांनी मेजरला पाणी वाया घालवू नये म्हणून चार शब्द सुनावले. मेजर सिंग म्हणाला, साबांना पाण्याचं वाईट वाटलं, पण कोंबड्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही, असा माणूस मी आयुष्यात बघितला नाही.

अंबरीशची रया गेली. वहीत तो आता पक्ष्याच्या नोंदी करायचा सोडून सप्र्यांच्या करायला लागला होता. सहा तीन, शिंक. सहा पाच, नाडी. सहा सहा, घड्याळ कानाला लावून पाहिलं. माधव त्या नोंदी वाचून म्हणाला की प्रबंधाचा विषय बदलून टाक, हा पक्षी जास्त दुर्मिळ आहे. जाई रोज पहाटे 'निघाले' एवढा एक शब्द पाठवायची आणि साडेसहाला 'काय झालं' असे दोन. तिच्या खोलीतली पुस्तकं ट्रंकेत गेली होती. एके दिवशी तिनं फक्त रिकाम्या फडताळाचा फोटो पाठवला आणि खाली काही लिहिलं नाही. अंबरीशला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

चोवीस तारीख उजाडली. ट्रक यायला चार दिवस. आणि त्या सकाळी अंबरीशनं ते केलं जे करायचं नाही असं त्यानं प्रबंधाच्या दुसऱ्याच पानावर स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. विणीच्या दिवसांत ध्वनिमुद्रित आवाज वाजवून जोडीला चाळवायचं नाही, असा तो नियम. भारद्वाजाला वाटतं, परका नर हद्दीत शिरला, आणि मग तो काम टाकून भांडायला धावतो. अंबरीशनं मनातल्या मनात सात नंबरची क्षमा मागितली, फक्त एकदाच वाजवीन म्हणून शपथ घेतली आणि माधवचा गाणी ऐकायचा छोटा स्पीकर पाठीवरच्या पिशवीत टाकून निघाला. बेत सोपा होता. स्पीकर वाटेच्या मधोमध बाकाखाली ठेवायचा, आपण कुंपणाखाली आडवं व्हायचं, सप्रे आले की फोनवरून आवाज सोडायचा. पक्षी धावत बाकाशी येईल आणि हलणार नाही. मग बांधा म्हणावं किती नाड्या बांधायच्यात त्या.

'निघाले' आज पाच मिनिटं लवकर आलं. अंबरीश धावत पोचला, कुंपणाखाली पोटावर झोकून दिलं, तेव्हा वाटेच्या टोकाला पांढरी टोपी दिसत होती. त्यानं कळ दाबली. हुप हुप हुप हुप असा आवाज घुमला, खोल, रिकाम्या रांजणात बोलावं तसा, आणि तो अगदी त्याच्या मानेमागून घुमला. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की स्पीकर बाकाखाली नव्हताच. पाठीवरच्या पिशवीतच राहिला होता.

पलीकडच्या हिरवळीवर हास्य क्लब भरला होता. पंधरा-वीस सरदारजी आणि त्यांच्या पत्नी, सगळे साठीच्या पुढचे, हात वर करून तयार. त्यांना वाटलं, आज नवीन प्रकार आहे. त्यांनी एका सुरात हुप हुप हुप हुप केलं. त्याला बांबूच्या बेटातून खऱ्या मादीनं उत्तर दिलं. मादीला पिशवीनं उत्तर दिलं. पिशवीला हास्य क्लबनं. बागेत असा गोंधळ उडाला की मेजर सिंग पाइप टाकून बाहेर आला. अंबरीश फोन बंद करायला चाचपडत होता आणि फोन घामानं हातातून निसटत होता. तेवढ्यात घाणेरीतून सात नंबर निघाला, पिसं फुलवून, शेपूट पसरून, पायी, संतापानं, सरळ त्याच्याकडे. कुंपणाखाली शिरला आणि अंबरीशच्या पाठीवर चढला.

स्पीकर आपोआप थांबला. हास्य क्लब हसत हसत खाली बसला. आणि अंबरीश ढोके, पाठीवर पाव किलोचा चिडलेला भारद्वाज घेऊन, नाक मातीत, निपचित पडून राहिला. तीन वर्षांत त्याला हा पक्षी इतक्या जवळ कधी मिळाला नव्हता. तो पिशवीवर टोच मारत होता, प्रत्येक टोच मणक्यापर्यंत जात होती, आणि अंबरीशला भीतीच्याही पलीकडचं हसू येत होतं. ते त्यानं दातांत दाबून धरलं, कारण तोंडासमोर दोन हातांवर पांढरे बूट येऊन उभे राहिले होते.

झालं, त्याच्या मनात आलं. आता कुठे जाणार. ना शिंक, ना नाडी. दोन हातांवर, नजरेच्या टप्प्यात, जावयाच्या पाठीवर भारद्वाज. त्यानं हळूच मान वळवून वर बघितलं.

सप्र्यांचे डोळे मिटलेले होते. साधे मिटलेले नव्हेत, गच्च मिटलेले. चष्मा हातात, मुठी आवळलेल्या, ओठ घट्ट, कपाळाला आठ्या. लपाछपीत राज्य आलेलं पोर आकडे मोजताना उभं राहतं तसा तो पन्नाशीचा विंग कमांडर भर वाटेत उभा होता. अंबरीशच्या डोक्यात सोळा दिवसांच्या नोंदी भराभर उलटल्या. नाडी, चष्मा, शिंका, घार, वळसा. हा माणूस पक्ष्याला चुकत नव्हता. चुकवत होता.

"गेला का तो?" सप्र्यांनी विचारलं. त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता.

अंबरीशला बोलायचं कारणही नव्हतं. गप्प राहिला असता तर सप्र्यांनी दहा मोजून डोळे उघडले असते आणि समोर जे होतं ते दिसलं असतं. मग नियम म्हणजे नियम. सोळा दिवस तो ज्यासाठी मुंग्या चावून घेत होता ते त्याच्या पाठीवरच बसलं होतं. पण त्यानं त्या मिटलेल्या डोळ्यांकडे पुन्हा बघितलं. हा माणूस भ्यायला होता. आणि तो ज्याला भ्यायला होता तो पक्षी नव्हता, हेही अंबरीशला लख्ख कळलं.

"नाही, सर," तो मातीत तोंड असतानाच म्हणाला. "नका उघडू इतक्यात. माझ्या पाठीवर आहे."

सप्रे तसेच उभे राहिले. सात नंबरनं आणखी दोन टोचा मारल्या, पिशवी परका नर नाही अशी खात्री करून घेतली, खाली उतरला, अंबरीशच्या हातावरून चालत बाहेर पडला आणि सप्र्यांच्या बुटाला वळसा घालून सावकाश कण्हेरीत शिरला. त्याला कसली घाई नव्हती. तेवढा वेळ दोघं माणसं जागची हलली नाहीत.

"गेला. उघडा आता."

सप्र्यांनी डोळे उघडले. अंबरीश रांगत बाहेर आला. नाकाला माती, कानात पालापाचोळा, पाठीवर शिटेचा पांढरा शिक्का. सप्र्यांनी त्याला आधी हात देऊन उठवलं, मग खिशातला रुमाल दिला, आणि दोघं बाकावर बसले.

"पहिल्याच दिवशी दिसला मला," सप्रे म्हणाले. "नऊ तारखेला. वाटेच्या अलीकडेच होता, तू कुंपणामागे होतास तेही दिसलं. वाकलो आणि नाडी बांधायला घेतली. बांधलेलीच होती ती."

अंबरीश म्हणाला, "काहून पण, सर?"

सप्र्यांनी चष्मा घातला, काढला, परत घातला. मग एकदम बोलायला लागले. नोकरीत अकरा बदल्या झाल्या, ते म्हणाले, आणि प्रत्येक गावाला नव्या घरात शिरलं की पहिल्यांदा जाईची खोली लावायची असा त्यांचा रिवाज होता. बाकीच्या ट्रंका महिनाभर पडून राहिल्या तरी चालतील, पण संध्याकाळपर्यंत तिचा पलंग, तिचा दिवा, तिची पुस्तकं जागेवर. ती लहान होती तेव्हा नव्या घरात तिला झोप लागत नसे, म्हणून सुरू झालेलं ते. ती मोठी झाली आणि कुठेही झोपायला लागली, तरी ते स्वतः तिची खोली लागल्याशिवाय झोपू शकत नसत. आता जोरहाटहून क्वार्टरचा फॉर्म आला होता. कुटुंबात माणसं किती, असा त्यात एक रकाना.

"मी तीन लिहिलं," सप्रे म्हणाले. "लिहिलं आणि पाठवलाच नाही. पंधरा दिवस पाकिटात घेऊन फिरतोय. हो म्हटलं की दोन लिहावं लागणार, आणि माझ्या हातून दोन लिहवत नाही."

एवढं बोलून ते नाल्याकडे बघायला लागले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही.  माझी घाई नाही, तीन वर्षं थांबतो, असं अंबरीश बोलून गेला. बोलल्यावर त्याचं त्यालाच धस्स झालं, पण शब्द मागे घ्यावा असं काही वाटलं नाही.

सप्र्यांनी त्याच्याकडे वळून नीट बघितलं. या सोळा दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी काहीतरी नीट बघितलं होतं.

"तू मघाशी गप्प राहिला असतास तर तुझं काम झालं असतं," ते म्हणाले. "माहीत होतं ना तुला?"

"हो, सर."

"मग?"

"तुम्ही असे उभे होते अन्... माझ्यानं नाही झालं."

 हास्य क्लब दुसऱ्या प्रकाराकडे वळला होता. मेजर सिंग पाइप गुंडाळत इकडे कान देऊन उभा होता आणि कान देत नाही असं दाखवत होता. मग सप्र्यांनी पाकीट उघडलं. आतून चार घड्या घातलेला तो फॉर्म निघाला. तो त्यांनी गुडघ्यावर उलगडला, त्याच्या घड्या हातानं सपाट केल्या, आणि खिशातलं पेन काढून हातात धरलं.

"आयुष्यात एकही गोष्ट त्याला न बघता ठरवली नाही मी," ते म्हणाले.

"मग उद्या येऊ, सर. उद्या सहा पाचला..."

"नको. सोळा दिवस रोज येऊन उभा राहतोय बिचारा. त्याला तरी किती चालवायचं." त्यांनी रकान्यावर पेन टेकवलं आणि तिथेच थांबवलं.  "किती लिहू?"

"दोन," अंबरीश म्हणाला. 

"गणित कच्चं आहे तुझं," सप्रे म्हणाले, आणि त्यांनी तिनावर एक रेघ मारून शेजारी ठसठशीत चार लिहिलं. "सुट्टीत दोघं याल तेव्हा काय हॉटेलात उतरणार? आता ऊठ. तिची ट्रंक सामानातून बाजूला काढून इथेच ठेवायला लागेल, तिची खोली या वेळी तू लावायची आहेस. मी दाखवतो तुला, दिवा पलंगाच्या डाव्या बाजूला लागतो तिला."

अंबरीशला पुढचं ऐकूच आलं नाही. त्याला एकदम सगळं कळलं. तो वाटेवरच खाली बसला, बहाव्याच्या फुलांत, आणि हसायला लागला. सप्रे त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले, आणि मेजर सिंगनं, काही न विचारता, पाइप खाली ठेवून दोघांना कडक सलाम ठोकला.